लागेल तेवढंच उचला

ग्रुपचं नाव होतं ‘सोबत’. घरात कुणाला तरी विसरण्याचा आजार जडलाय आणि त्या माणसाचं सगळं आपल्यालाच बघावं लागतंय, अशा लोकांचा तो ग्रुप. कुणाची बायको, कुणाचे वडील, कुणाची सासू. इंटरनेटवरचं एक साधंसं पान. तिथे मनातलं लिहायचं, खाली बाकीचे उत्तरं देत जायचे. खरी नावं कुणी लावत नसे. घरातल्या माणसाबद्दल लिहिताना खरं नाव लावलं की हात आखडतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

ताईने तिथे स्वतःचं नाव ‘सुईदोरा’ ठेवलं होतं. ती पडदे शिवायची. दुकानातून माप आणि कापड घरी यायचं, ती कापून, चुण्या घालून, वर पट्टी लावून परत पाठवायची. बाहेरच्या खोलीत मशीन आणि कापायचं लांब टेबल, आतल्या खोलीत आई. मधलं दार कधी लावायचं नाही. मशीन थांबलं की आई आतून हाक मारायची, “चिमे, कोण आलंय गं?” कुणीच आलेलं नसायचं. “कुणी नाही, मीच आहे,” असं सांगितलं की आईला ते पटायचं आणि मशीन पुन्हा थांबेपर्यंत ती गप्प बसायची.

आईने उभं आयुष्य लॉन्ड्रीत इस्त्री केली. नावं गेली, गावं गेली, नवरा गेलाय हेही गेलं, पण हात विसरले नव्हते. पडद्याचा उरलेला तुकडा मांडीवर टाकला की ती तळव्याने सपाट करायची, काठाला काठ जुळवायची, घडी घालायची, पुन्हा उलगडायची. त्या कामात ती असली की तोंड आपसूक उघडायचं आणि घास आत जायचा. ही युक्ती ताईला ग्रुपवर नव्हती मिळाली, तिची तिलाच सापडली होती. ती तिने ग्रुपवर लिहिली तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं.

ग्रुप चालवायच्या त्या ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. त्यांच्या नवऱ्याला हा आजार होता. नवरा गेला, ग्रुप काही त्यांना सोडवेना. शिस्तीच्या बाई. आणि शिस्त लागायचीच, कारण ग्रुपवर एक गृहस्थ होते, ‘सहमत’ नावाचे. कुणी हातभर लांब पोस्ट लिहिली की हे ती अख्खी पोस्ट आपल्या उत्तरात पुन्हा चिकटवणार आणि खाली दोन शब्द लिहिणार: अगदी खरं. मग कुणीतरी त्यांच्यासकट ती पोस्ट चिकटवणार आणि लिहिणार: हो ना. फोनवर वाचणाऱ्यांचे अंगठे दुखून यायचे. एकदा तर एका बाईंनी ‘वडील आत्ता घरातून निघून गेलेत, काय करू’ असं विचारलं आणि तो प्रश्न त्या सगळ्या ‘अगदी खरं’च्या ढिगाऱ्याखाली सापडेपर्यंत वडील शेजाऱ्यांनी घरी आणून सोडलेसुद्धा.

त्यावर ऑपरेटरबाईंनी नियम लिहिला आणि पानाच्या वर कायमचा लावून टाकला. उत्तर देताना समोरच्याची पूर्ण पोस्ट पुन्हा चिकटवू नका. लागेल तेवढंच उचला. कुणाचं वाक्य आहे ते दिसू द्या. त्याच्या खाली आपलं उत्तर लिहा.

ताईला नियम फार आवडला. तिने लगेच लिहिलं, “बाई, हे बरं केलंत. अहो, कापड अंगापेक्षा मोठं कापलं की वाया जातं, तसंच झालं होतं.” ‘सहमत’ यांनी त्यातलं ‘हे बरं केलंत’ एवढंच उचललं आणि खाली लिहिलं: अगदी खरं. त्या दिवशी ग्रुपवर सगळे खूप हसले. असे हसण्याचे दिवसही तिथे होते, हे सांगायला हवं.

ताईचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात होता. पुलांची तपासणी करणारा इंजिनीअर. सज्जन माणूस, बहिणीवर जीव. पण रविवारी फोन करून “आई कशी आहे?” विचारायचा आणि ताई “बरी आहे” म्हणायची, तिथेच त्याचं समाधान व्हायचं. कधी तिने खरं सांगायला सुरुवात केली की तो म्हणायचा, “ताई, तू दमलीयेस. एक बाई ठेव ना कामाला, मी देतो पैसे.” बाई ठेवून झाल्या होत्या. आई त्यांना चोर समजून ओरडायची आणि त्या निघून जायच्या. शेवटी ताईनेच एक दिवस त्याला ग्रुपमध्ये घातलं. म्हणाली, “छोट्या, मी सांगते तेव्हा तुला वाटतं रडगाणं लावलंय. इथे निवांत वाच. माझं वाच, इतरांचं वाच, मग तुला कळेल घरात काय चाललंय.”

तो आला. लिहायचा काही नाही, अधूनमधून वाचायचा. ताईला तेवढंही पुरे होतं. आपलं कुणीतरी वाचतंय म्हणून ती जरा मोकळेपणी लिहायला लागली.

मग तो दिवस आला. सकाळपासून आईचं काहीतरी बिनसलं होतं. अंघोळीला तयार नाही, कपडे बदलू देईना. जेवताना मांडीवर कापड दिलं तर ते भिरकावलं. वाटी पुढे केली, वाटी उडवली. भिंतीवर, गादीवर, ताईच्या केसांत सगळीकडे भात. ताईने पुन्हा वाढून आणलं, पुन्हा तेच. आणि तिसऱ्यांदा आईने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

संध्याकाळी आई झोपल्यावर ताई टेबलाशी बसली. हॉलच्या पडद्यांचं मोठं काम पुढ्यात पडलं होतं. ते बाजूला सारून तिने लिहिलं:

“आज आईने दोनदा जेवण उडवलं आणि मला चावली. एक क्षण असा आला की वाटलं, उशी घ्यावी आणि दाबावी, संपवून टाकावं दोघींचं. आणि त्याच क्षणी ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘चिमे, तू जेवलीस का गं?’ मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या केसांतला भात वेचत बसली. आज मला नक्की कळलं, माझ्या हातून हिला कधीच काही होणार नाही. हे कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून लिहिलं.”

लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा भूक लागली. ती जेवली आणि झोपली.

ग्रुपवर एक माळी होते. म्हणजे नावच ‘माळी’, आणि खरोखरच सार्वजनिक बागेत काम करणारे. बायकोला हा आजार. मोजकं लिहायचे, पण जे लिहायचे त्याने धीर यायचा. त्यांनी ताईची पोस्ट वाचली आणि गलबलून गेले. उत्तर द्यायला बसले. नियम त्यांना पाठ होता. लागेल तेवढंच उचला. त्यांना जे लागलं ते त्यांनी उचललं:

“सुईदोरा यांनी लिहिलं: उशी घ्यावी आणि दाबावी, संपवून टाकावं दोघींचं.”

आणि खाली: “ताई, असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. माझ्याही मनात येऊन गेलंय. कुणी बोलत नाही, तुम्ही बोललात. वाटेल तेव्हा फोन करा, नंबर देतो.” आणि नंबर.

यात त्यांचं काही चुकलं का? मला तरी सांगता येत नाही. एका माणसाने दुसऱ्याच्या अंधारात हात घातला, एवढंच.

पण खाली उत्तरं वाढत गेली तसं पान उलटलं. ताईची मूळ पोस्ट मागच्या पानावर राहिली, माळ्यांचं उत्तर नव्या पानाच्या माथ्यावर आलं. नवा येणारा आधी तेच वाचणार. पुढच्याने माळ्यांचं उत्तर सोडून फक्त उचललेली ओळ उचलली. लागेल तेवढीच. त्याने लिहिलं, “हे वाचून अंगावर काटा आला.” तिसऱ्या एकीने, ग्रुपमध्ये नवीनच आलेल्या, विचारलं, “या बाई आईजवळ एकट्या असतात का? घरात दुसरं कुणी नाही?” चौथा म्हणाला, “ॲडमिन झोपलेत का? हे कुठे तरी कळवायला हवं.” पाचवीने लिहिलं, “माझी आई असती तर मी अशा मुलीला घरात ठेवलं नसतं.” प्रत्येकाच्या उत्तरावर तीच ओळ, आणि ओळीच्या आधी तेच नाव. सुईदोरा यांनी लिहिलं. सुईदोरा यांनी लिहिलं. मधे दोघाचौघांनी “अहो, मागचं पान वाचा” असं म्हटलंही. पण मागचं पान उघडायला एक बोट जास्तीचं हलवावं लागतं. ‘सहमत’ यांनी कोणत्या तरी एका उत्तराखाली लिहून टाकलं: अगदी खरं. कोणत्या उत्तराखाली, ते कुणाला कळलं नाही.

ताईने हे काही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हॉलचं काम द्यायचं होतं. दुकानदार दारात येऊन उभा राहिला, टेम्पो खाली थांबलेला, आणि ती शेवटच्या पडद्याला काठ घालत होती. ते ओझं उतरल्यावर तिने चहा टाकला आणि फोन उघडला. आधी तिला कळेचना की हे सगळे कुणाबद्दल बोलतायत. मग स्वतःचं नाव दिसलं. चहा उतू गेला तो तसाच गॅसवर सांडत राहिला.

तिने उत्तर लिहिलं. पूर्ण पोस्ट पुन्हा चिकटवली, नियम गेला खड्ड्यात. बटण दाबलं. वर तांबड्या अक्षरांत आलं: ही चर्चा बंद करण्यात आली आहे. त्याखाली ऑपरेटरबाईंची ओळ: “चर्चा तापली आहे. दोन दिवस सगळ्यांनी शांत व्हावं.” आणि तिच्या वर, शेवटचं म्हणून कायम दिसेल असं, ‘अशा मुलीला घरात ठेवलं नसतं’ म्हणणाऱ्या बाईचं उत्तर.

तिने ऑपरेटरबाईंना फोन लावला.

“बाई, उघडा हो ते. मला एकच उत्तर टाकू द्या.”

“मला कल्पना आहे तुझी काय अवस्था झाली असेल,” बाई म्हणाल्या. “पण आत्ता उघडलं तर आणखी पन्नास जण तुटून पडतील. माझं ऐक. एक्स्चेंजमध्ये दोन्हीकडून ओरडायला लागले की आम्ही लाइन काढून ठेवायचो. थोड्या वेळाने आपोआप निवतात.”

“पण लाइन काढलीत ती माझी काढलीत. त्यांचं बोलून झालंय.”

“तुझी पोस्ट मी पूर्ण वाचलीये गं. मला माहीतेय तू कशी आहेस.”

“मग तुम्ही लिहा. तुमचं ऐकतात.”

“मी एकीची बाजू घेतली की उद्या प्रत्येक जण म्हणणार, माझी घ्या. मग ग्रुप राहणार नाही. नियम सगळ्यांना सारखाच ठेवावा लागतो, बाई. दोन दिवस. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?”

दुसऱ्याच दिवशी सकाळी भाऊ दारात उभा होता. मागे भावजय. खाली गाडी. न कळवता तो आयुष्यात कधी आला नव्हता.

“अरे, फोन तरी करायचास,” ताई म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिथेच थांबली.

तो आधी आतल्या खोलीत गेला. आईचे हात बघितले, गळा बघितला, पाठीवरची चोळी सरकवून बघितली. आई म्हणाली, “डॉक्टर, मला काही झालं नाही हो.” भावजय दारात उभी राहून गादीवरच्या उशीकडे बघत होती. मग तिने ती उचलली आणि कपाटावर, हात पोचणार नाही अशी ठेवली. ताईने ते पाहिलं. तोपर्यंत तिला वाटत होतं की बसून बोललं की सगळं सुटेल. ते पाहिल्यावर तसं वाटेना.

“तू लिहिलंयस ना ते?” भावाने बाहेर येऊन विचारलं.

“तू सगळं वाचलंस का?”

“मी विचारतोय, तू लिहिलंयस का नाही?”

“छोट्या, ते अर्धं आहे. मागचं पान उघड. माझ्यासमोर वाच.”

त्याने टेबलावर पडलेल्या चिंध्या बाजूला केल्या, फोन काढला, मागचं पान उघडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. ताई त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. ते ओळीओळीवरून सरकत खाली गेले आणि पुन्हा वर आले. लहानपणी गणित चुकलं की तो असाच पुन्हा वर जायचा.

“वाचलं,” तो म्हणाला. “आधी ती ओळ वाचली होती, ताई. आता सगळं वाचतानासुद्धा मला तीच ओळ दिसते. मी काय करू?”

“मी तिला काही करीन असं वाटतं तुला?”

“नाही वाटत.” त्याचे डोळे भरून आले होते. “पण माझं काम काय आहे, तुला माहीतेय. पुलाला तडा दिसला की पूल पडेल असं मला वाटतं का, हे कुणी विचारत नाही. मी तो बंद करतो.”

“मी पूल नाहीये रे.”

“मी नेतोय आईला.”

भावजयीने आईचे कपडे भरले, औषधं भरली. ती वाईट बाई नव्हती. औषधांच्या वेळा ताईकडून नीट समजून घेतल्या, पुन्हा म्हणून दाखवल्या. फक्त ताई आतल्या खोलीत गेली की तीही मागोमाग आत यायची. आईला गाडीत बसवताना वाटलं होतं ती आरडाओरडा करील. तिने काही केलं नाही. सीटच्या कव्हरवरून तळवा फिरवला, चुण्या काढल्या आणि म्हणाली, “चिमे, मी कामावर जाऊन येते. दार लावून घे.”

ताईने दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी चर्चा उघडली. माळ्यांनी पहिलं उत्तर टाकलं, चांगलं मोठं: चूक माझी आहे, मी अर्धं वाक्य उचललं, या बाईंचं पूर्ण म्हणणं असं होतं, कृपया सर्वांनी वाचावं. त्याखाली एकही उत्तर आलं नाही. तोवर लोक पुढे गेले होते. पलीकडे मोठ्यांचे डायपर कुठले घ्यावेत यावर जोरात चर्चा चालली होती आणि ज्यांना अंगावर काटा आला होता ते त्यात हिरिरीने भाग घेत होते.

ताईने माळ्यांना फोन केला. पलीकडे माणूस रडायलाच लागला.

“मी तुमचं घर मोडलं, ताई.”

“असं नका म्हणू. तुम्ही एकटेच माझ्याशी बोललात. बाकीचे माझ्याबद्दल बोलले.”

“मला तेवढंच लागलं होतं हो. तेच वाक्य. बाकीचं वाचलं होतं मी, पण लागलं तेवढंच...” मागून बायकोचा आवाज आला, एकच शब्द पुन्हा पुन्हा. “येतो हां, बाळा,” ते तिला म्हणाले, आणि फोन तसाच ठेवून गेले. ताई बराच वेळ त्या घरातला आवाज ऐकत राहिली. मग तिने हळूच फोन बंद केला. त्यानंतर ‘माळी’ या नावाने ग्रुपवर कुणालाच कधी उत्तर आलं नाही.

ताई आईला भेटायला जायची. बसने जायचं, तासभर बसायचं, परत यायचं. भावजय चहा करायची, विचारपूस करायची आणि खुर्ची ओढून खोलीतच बसायची. पहिल्या वेळी ताईला वाटलं, सोबत म्हणून बसली असेल. दुसऱ्या वेळी तिचं लक्ष पलंगाकडे गेलं. गादी होती, चादर होती, पायाशी पांघरूण होतं. उशी नव्हती. आईची मान भिंतीला टेकून वाकडी झाली होती.

“आईची मान दुखेल,” ताई म्हणाली.

“अहो, आत्ताच धुवायला काढलीये,” भावजय म्हणाली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढच्या खेपेलाही उशी धुवायलाच होती.

आई जेवत नव्हती. ताईने कापडाचं सांगितलं. भावाने ऐकून घेतलं, भावजयीने चांगला नवा टॉवेल आईच्या मांडीवर पसरला. आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईने पिशवीतून पडद्याचे तुकडे काढले, तेच जुने, आईच्या हाताखालून हजारदा गेलेले. आईने एक हातात घेतला, हुंगला आणि जमिनीवर टाकला. त्या घरात तिचे हातही विसरायला लागले होते. “चिमी कुठे गेली?” असं ती ताईला विचारायची. ताई म्हणायची, “येईल हां आता.”

घरी परतल्यावर ताई आपली पोस्ट पुन्हा वाचायची. आधी वाचायची ती पुरावा म्हणून. हे बघा, मी काय लिहिलं होतं ते बघा. पण पुन्हा पुन्हा वाचता वाचता भलतंच व्हायला लागलं. तिला तो क्षण आठवायचा. एका हातात वाटी होती, हे नक्की. मनगटातून रक्त येत होतं, हेही नक्की. पण दुसरा हात कुठे होता? मांडीवर? की गादीवर, उशीजवळ? आणि आई ‘तू जेवलीस का’ म्हणाली ती त्याच क्षणी म्हणाली, की थोड्या वेळाने? की ते दोन्ही क्षण शेजारी शेजारी आपणच बसवले, लिहिताना बरं दिसावं म्हणून, पडद्याची शिवण झाकायला वरून पट्टी लावतात तसं? खूप वेळ आठवलं तरी तिला सांगता येईना. जगाने तिचं अर्धं वाक्य उचललं होतं. उरलेल्या अर्ध्यावर आता तिचाच विश्वास राहिला नाही.

एका रविवारी भावाचा फोन आला. आधी पडद्यांच्या कामाचं विचारलं. मग म्हणाला, “ही माहेरी गेलीये चार दिवस. आईने हिच्या तोंडावर गरम चहा टाकला.”

“भाजलंय का?”

“थोडं,” तो म्हणाला. “ताई, काल आई सारखी ओरडत होती. सकाळपासून. मी आत गेलो. माझ्या मनात...”

पलीकडे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज येऊन गेला.

“बोल,” ती म्हणाली. “पुढे बोल, छोट्या.”

“पुढे काही नाही,” तो म्हणाला.

ताईने मशीनवर कापड तसंच सोडलं आणि निघाली. या खेपेला तिला कुणी अडवलं नाही, कुणी खुर्ची ओढून बसलं नाही. भाऊ दाढी वाढलेला, जुन्या बनियनवर सोफ्यात बसून होता. तिने आईला पुसून काढलं, केस विंचरले, स्वतःच्या शालीची घडी करून मानेखाली दिली. पातळ पेज करून चमच्याने ओठांशी नेली. ओठ मिटलेलेच. ताई तिथेच राहिली. रोज नेमाने चमचा ओठांशी न्यायचा, रोज तो भरलेलाच परत यायचा. डॉक्टर येऊन गेले, छातीत कफ झालाय म्हणाले, इस्पितळात हलवायला सांगितलं. तिथे आई एका दुपारी गेली. शेवटपर्यंत तिने कुणाला ओळखलं नाही.

इस्पितळाच्या लांब बाकावर दोघं भावंडं शेजारी बसली होती. कागद तयार व्हायचे होते. भाऊ खूप रडला होता. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, ते फोनवर बोललो होतो ना मी... ते कुठे लिहू नकोस हं.”

ताईचा हात त्याच्या पाठीवर होता तसाच राहिला.

“नाही लिहिणार,” ती म्हणाली.

आपलं चुकलं, असं तो त्या वेळी म्हणाला नाही आणि पुढेही नाही. अजून तो रविवारी फोन करतो. ती ‘बरी आहे’ म्हणते.

ग्रुप तिने सोडला नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिथे आता लोक जपून लिहायचे. “आजचा दिवस जरा कठीण गेला.” खाली उत्तर: “काळजी घ्या.” त्याखाली: “आपणही घ्या.” ऑपरेटरबाईंनी नियमात भर घातली होती: कोणाचं वाक्य अर्धं तोडू नये. ती भर घालायची गरज नव्हती. आता कुणी कुणाचं काही उचलतच नव्हतं.

मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, कुणा नव्या नावाची पोस्ट आली. नाव होतं ‘तिसरा मजला’. बाई होती की पुरुष, तेही कळत नव्हतं. लिहिलं होतं: “सासऱ्यांना आज बाथरूममध्ये कोंडून ठेवलं. खूप वेळ. ते दार वाजवत होते आणि मला बरं वाटत होतं. मी कसलं माणूस आहे?” बास. पुढे काही नव्हतं.

ताईने ते वाचलं आणि ती ताठ बसली. खाली एकही उत्तर नव्हतं. कितीतरी जणांनी पाहिल्याचं दिसत होतं, पण उत्तर एकही नाही. तिला माळी आठवले. आत्ता ते असते तर त्यांनी दुसऱ्या मिनिटाला नंबर दिला असता.

तिने लिहायला घेतलं. ‘तुम्ही एकट्या नाही’ असं लिहिलं आणि खोडलं. बाई आहे कशावरून? ‘मलाही एकदा’ असं लिहिलं आणि खोडलं. हे कुणी उचललं तर? पहिलं वाक्य असं हवं की ते एकटं उचललं तरी त्याने कुणाचं काही बिघडू नये. दुसरंही तसंच. शब्द ठेवून बघायचे, काढायचे, पुन्हा मांडायचे. सासऱ्यांना बाहेर काढलंत का, हे आधी विचारावं, की ते विचारलं तर वाटेल आपण जाब विचारतोय? बाहेर पूर्ण अंधार पडला. दुकानाचा माणूस माप घेऊन आला, दार वाजवून गेला, ती उठली नाही. शेवटी चार ओळी झाल्या. साध्याच होत्या. खाली तिने आपला फोन नंबर लिहिला आणि बटण दाबलं.

पानावर आलं: मूळ लेखन लेखकाने काढून टाकले आहे.

तिने पान पुन्हा उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. मग ऑपरेटरबाईंना फोन लावला.

“तो ‘तिसरा मजला’ कोण होता, बाई? काही पत्ता, नंबर?”

“मीही मघापासून तेच शोधतेय,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाल्यासारखा वाटला. “ग्रुपच सोडला गं. आजच आलं होतं ते नाव. माझ्याकडे काहीच नाही.”

“तुम्ही वाचलं होतंत?”

“आल्या आल्या वाचलं होतं.”

“मग उत्तर का नाही दिलंत?”

“लिहीत होते,” त्या म्हणाल्या. “लिहीत होते आणि खोडत होते.”

दोघींना आणखी काही बोलायचं नव्हतं, पण फोनही कुणी ठेवीना. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाथरूमचं दार होतं. ते उघडलं होतं की नाही, हे त्या दोघींना कधीच कळणार नव्हतं.